‘वाक्यं पाठ करा, प्लॅब २ पास व्हा’ : या सल्ल्यात चुकतं कुठे?

ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायला निघालेल्या आपल्याकडच्या एमबीबीएस मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर प्लॅब २ बद्दल, म्हणजे तिथे नोंदणीसाठी परदेशी डॉक्टरांना द्याव्या लागणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल, एक सल्ला सतत फिरत असतो. थोडक्यात असा: प्लॅब २ म्हणजे नाटक, पेशंट म्हणजे नट, मेडिसिन कुणी बघत नाही. जुनी स्टेशनं (परीक्षेतले एकेका पेशंटचे प्रसंग) घोका, अधूनमधून ‘सॉरी’ म्हणा, उच्चार घासून घ्या, काम फत्ते. परीक्षा जिथे होते त्या मँचेस्टरचं तिकीट काढण्याआधी यातलं एकेक विधान तपासलेलं बरं.

‘मेडिसिन कुणी बघत नाही.’ परीक्षेत १६ स्टेशनं असतात. प्रत्येकाला ८ मिनिटं, आणि त्याआधी दारावरची सूचना वाचायला दीड मिनिट. प्रत्येक स्टेशनचे १२ गुण तीन भागांत वाटलेले: माहिती घेणं व तपासणी ४, पुढचं नियोजन ४, संवाद ४. म्हणजे गोड बोलण्याचे गुण एक तृतीयांश. शिवाय एकूण गुण पुरेसे मिळून भागत नाही, किमान ठरावीक स्टेशनंही पास व्हावी लागतात.

पाठांतरवाले सर्वांत जास्त मार खातात ते नियोजनात. पाठ केलेली प्रश्नावली संपेपर्यंत सात मिनिटं गेलेली असतात. ‘दोन मिनिटं राहिली’ ही घोषणा कानावर पडेल तेव्हा तुम्ही नियोजनावर बोलत असायला हवं. तेव्हाही कौटुंबिक इतिहास चालू असेल तर ते चार गुण हातचे गेले समजा. आणि नियोजन म्हणजे नुसती गोळी सांगणं नव्हे. ५८ वर्षांचा माणूस जळजळ सांगतो, बोलता बोलता कपडे सैल झाल्याचं सांगतो. तुम्ही ओमेप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) आणि ‘तिखट कमी खा’ यावर थांबलात तर संपलं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वय ५५ किंवा जास्त, वजन घटलेलं आणि जोडीला अपचन किंवा जळजळ, म्हणजे तातडीची एन्डोस्कोपी.

‘पेशंट नट असतो.’ असतो, आणि नेमकी तिथेच पंचाईत होते. त्याच्याकडे अशी एखादी माहिती दिलेली असते की जी तो विचारल्याशिवाय सांगत नाही, किंवा एकदाच ओझरती सांगतो. ३४ वर्षांची बाई डोकेदुखी घेऊन आली आहे. उमेदवार पाठ केलेला प्रश्न टाकतो, ‘तुम्हाला काय वाटतं, कशामुळे होत असेल?’ ती म्हणते, ‘काय माहीत... बाबांचंही असंच सुरू झालं होतं.’ उमेदवार म्हणतो, ‘ओके. कसली अ‍ॅलर्जी?’

प्रश्न विचारला गेला, उत्तर मात्र ऐकलंच नाही. ‘बाबांना काय झालं होतं?’ एवढं विचारलं असतं तर मेंदूचा ट्यूमर निघाला असता आणि पुढची चार मिनिटं त्यावरच गेली असती: धोक्याची कोणती लक्षणं तुमच्यात नाहीत, म्हणून आज स्कॅन का लागत नाही, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. आइस, म्हणजे आयडियाज, कन्सर्न्स, एक्स्पेक्टेशन्स (पेशंटचा अंदाज, काळजी आणि अपेक्षा), हे तीन प्रश्न सगळेच विचारतात. गुण मिळतात ते आलेल्या उत्तराचं तुम्ही काय केलंत याचे.

‘दर दोन मिनिटांनी सॉरी म्हणा.’ एकदा, योग्य जागी, पुरे. वाईट बातमी सांगितल्यावर तर गप्प बसा. ती काही सेकंदांची शांतता भरून काढायला उमेदवार लगेच केमोथेरपी समजावू लागतो; समोरच्याला त्यातलं अक्षर ऐकू आलेलं नसतं.

‘जुनी स्टेशनं पाठ असली की झालं.’ छातीत दुखणं हे स्टेशन पाठ आहे? ठीक. पण तुम्ही कुठे उभे आहात? जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) असाल तर ९९९ या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन, पेशंटला अ‍ॅस्पिरिन चालत असेल तर ३०० मिलिग्रॅम चावायला द्यायची आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत माणसाला एकटं सोडायचं नाही. इमर्जन्सी विभागात असाल तर ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी), सीनियरला हाक. तक्रार तीच, उत्तर वेगळं. दीड मिनिटात चार गोष्टी टिपा: जागा, तुमचं पद, पेशंटचं वय आणि नेमकं काम. ‘मुलीशी बोला’ असं लिहिलेलं असताना आत जाऊन आईची हिस्टरी घ्यायला बसणारे कमी नाहीत.

आपल्याकडच्या सवयी याहून जास्त नडतात, आणि फिरत्या सल्ल्यात त्यांचा उल्लेखही नसतो. मुलगा म्हणतो, ‘आईला कॅन्सर आहे हे तिला सांगू नका.’ आपण मान डोलावतो, कारण इथे नातेवाईकांना आधी बाजूला घेण्याची पद्धत आहे. तिथे निर्णयक्षमता असलेल्या पेशंटची माहिती त्याचीच. मुलाची काळजी समजून घ्या, पण आईपासून लपवण्याचं आणि तिच्या संमतीशिवाय मुलाला तपशील देण्याचं वचन देऊ नका. १५ वर्षांची मुलगी गर्भनिरोधक मागते तेव्हा ‘आईला घेऊन ये’ हे उत्तर नाही. तिला समजतंय का आणि कुणी जबरदस्ती करतंय का, हे आधी पाहायचं, आईला सांगण्याबद्दल सुचवायचं, सक्ती करायची नाही. पहिली फिट आलेल्या माणसाला गाडी बंद करायला आणि डीव्हीएलएला (वाहन परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेला) स्वतः कळवायला सांगायचं. साध्या कारसाठी ही बंदी सहसा सहा महिन्यांची असते.

‘उच्चार ब्रिटिश हवा.’ नको. आयईएलटीएसमध्ये ७.५ किंवा ओईटीमध्ये बी, अशा इंग्रजीच्या परीक्षेतले गुण आणूनच तुम्ही इथवर पोचलेले असता. घात करतो तो वेग आणि ‘इस्केमिक चेंजेस’सारखे शब्द. दोन वाक्यं बोला, समजलं का विचारा, मग पुढे.

सरावाला तिघं हवेत: डॉक्टर, पेशंट, निरीक्षक. पेशंटच्या चिठ्ठीवर एक गोष्ट अशी लिहा की जी फक्त मोकळा प्रश्न विचारल्यावर सांगायची. निरीक्षकाने ८ मिनिटांचा टायमर लावायचा आणि नियोजनाचं पहिलं वाक्य कितव्या मिनिटाला आलं ते लिहायचं. पाचव्यानंतर येत असेल तर प्रश्न कमी करा.

पाठांतराची हौस भागवायचीच असेल तर प्रत्येक तक्रारीचे धोक्याचे इशारे पाठ करा. कंबरदुखीवाल्याला ‘काही वाटलं तर या’ म्हणू नका. सांगा: गुदद्वाराभोवती किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर थेट इमर्जन्सी विभाग गाठा, तिथल्या तिथे.