मालक, एक फुटबॉल क्लब घेऊन टाका

सोलापुरात कुणीही कुणाला 'मालक' म्हणतं. तर मालक, आता खरोखरचे मालक व्हा. चादरीचा धंदा बसला, यंत्रमाग भंगारात निघाले, प्लॉटिंगमध्येही पूर्वीची मजा उरली नाही. फुटबॉल क्लब घ्या. खेळ कळायची अट नाही.

हे ज्ञान मला गेल्या महिन्यात झालं. जुळे सोलापुरात पोराला एका फुटबॉल अकॅडमीत घातलं होतं. गेटवर विलायती थाटाचा सिंहाचा लोगो, वर्षाची फी आगाऊ, किटचे पैसे वेगळे. सहाव्या महिन्यात एका शनिवारी गेलो, तर गोलपोस्टला मांडवाच्या दोऱ्या आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर आचाऱ्याची भट्टी. लॉन झालं होतं, मालक. लग्नाचं.

म्हणून पहिला सल्ला : खेळाकडे बघू नका, जागेकडे बघा.

दुसरा, स्वतःचा पैसा घालू नका. हे अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाकडून शिकावं. 2005 साली त्यांनी इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड क्लब सुमारे 79 कोटी पौंडांना घेतला. बराचसा पैसा कर्जाऊ, आणि त्या कर्जाचा मोठा बोजा टाकला क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे मी तुमचा चालू कारखाना तारण ठेवून पैसे उचलणार, त्यातून तुमचाच कारखाना घेणार, हप्ते तुमचे माग फेडणार आणि लाभांश मी नेणार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणी ही योजना मांडली, तर बँकेचा शिपाईसुद्धा त्याला चहा विचारणार नाही. तिकडं याला रीतसर नाव आहे. व्याजात कोट्यवधी पौंड गेले, 2013 नंतर लीगचं विजेतेपद नाही, आणि मे 2024 मध्ये आर्सेनलच्या सामन्याला पाऊस आला तेव्हा क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छपरातून धबधबा कोसळला. त्याच वर्षी रॅटक्लिफ नावाचे भागीदार आले. काटकसर कुठून सुरू झाली? कर्मचाऱ्यांपासून. शेकडो नोकऱ्या गेल्या, फुकटचं जेवण बंद झालं. 2024-25 च्या ऐन हंगामात उरलेली तिकिटं 66 पौंडांना केली, लहान पोरांना सवलत नव्हती. पोरांना! अरे, शाळकरी पोराकडून 66 पौंड घेऊन कुणाचं कर्ज फेडताय?

असो. सल्ले द्यायचेत.

देशाची प्रतिमा धुऊन घ्यायची असेल तर सौदीच्या सरकारी निधीनं 2021 मध्ये न्यूकॅसल घेतला तसा घ्या. खिसा तेवढा नसेल तर पुढं चला.

जवळचं उदाहरण हवं? पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजनं 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. 1995 चा इंग्लंडचा विजेता. दीड वर्षात पहिल्या श्रेणीतून खाली, 2017 मध्ये आणखी एक पायरी खाली. लोकांनी मैदानात कोंबडी सोडली होती. मालकांची जाहिरात फुकटात झाली.

कंटाळा आला की गाव बदला. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीचा कारभार 2019 मध्ये आटोपला आणि तिच्या जागी हैदराबाद एफसी उभी राहिली. आम्ही सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याच्या सामन्यांना बालेवाडीला जायचो. म्हटलं, आपलं काय बिघडलं, स्टेशन तेच, फक्त उलट्या दिशेच्या गाडीत बसायचं.

पण नाही, मला हसू येत नाहीये. पोराच्या अकॅडमीतल्या कोच सरांचे तीन पगार राहिलेत. आता ते पार्क मैदानाच्या कोपऱ्यात चार पोरांना फुकट शिकवतात, बॉलसुद्धा स्वतःचा. आणि आम्ही शहाणे पालक! चादर घेताना सूत चोळून बघतो, इथं जागा कुणाची, पैसा कुणाचा, काही न विचारता लोगो बघून आगाऊ फी भरली.

अकॅडमीवाले मालक, फोन उचला. सहा महिन्यांची फी राहू दे एकवेळ, सरांचा पगार आधी द्या. बुकिंगवाल्या मुलीला सांगून ठेवा, येत्या शनिवारी मी गेटवर येतोय. पोरगं बूट घालूनच येणार आहे, तुमचं लग्न असो नाहीतर बारसं.