काढून ठेवलेला थर्मोस्टॅट

आज दुपारी गॅरेजमध्ये मेकॅनिककाकांनी माझ्या तळहातावर ॲल्युमिनियमचं एक रिकामं घर ठेवलं. म्हणाले, "ताई, ह्याच्या आत थर्मोस्टॅट व्हॉल्व असतो. तुमच्या गाडीत तो नाहीच."

मी विचारलं, तुटला असेल का? तर म्हणाले, "तुटला असता तर तुकडे मिळाले असते. हा कुणीतरी काढलाय. आणि रेडिएटरमध्ये लीक बंद करायची पावडर टाकलीय, ही बघा." बोटाला तपकिरी चिखल लागला होता.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. पेपर तपासायचे पडलेत, तरी लिहायला बसले आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिन थंड असताना हा व्हॉल्व बंद असतो, पाणी तापलं की उघडतो आणि मग ते रेडिएटरकडे जातं. तो काढून टाकला की पाणी सतत फिरत राहतं. म्हणजे जी गाडी तापायची सवय असलेली आहे, ती शहरात, थंड हवेत, थोडं अंतर चालवली तर शहाण्यासारखी वागते. मला गाडी दाखवली ती जानेवारीत, सकाळी साडेसात वाजता, सिंहगड रोडवर. मी संध्याकाळी येते म्हटलं होतं. एजंट म्हणाला, "सकाळी या मॅडम, ट्रॅफिक नसतं." आज कळलं सकाळी कशाला बोलावलं ते.

गेल्या रविवारी आईला साताऱ्याला सोडायला निघाले होते. आई ७६ वर्षांची आहे, डिसेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, म्हणून तर ही गाडी घेतली. खंबाटकीचा अर्धा चढ झाला आणि लाल दिवा लागला. ह्या मॉडेलला तापमानाचा काटाच नाही, नुसता दिवा. तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मागून ट्रक हॉर्न मारतायत, मे महिन्याचं ऊन, आणि आई काठी टेकत घाटाच्या कठड्यावर जाऊन बसली.

आता पैशांचं. २०१३चं मॉडेल, दोन लाख पस्तीस हजारांना घेतलं. पहिल्याच महिन्यात पुढचे लोअर आर्म आणि लिंक रॉड, ७,८०० रुपये. मग क्लच प्लेट, मजुरीसकट ९,५००. मग एसीचा कंडेन्सर आणि गॅस, ६,२००. आणि आता हेड गास्केट (इंजिनातलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील), हेडचं फेसिंग, नवा रेडिएटर, वॉटर बॉडी (थर्मोस्टॅटचं ते घर) मिळून २३,६००. इंजिन ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झालाय, म्हणजे पाणी आत उतरलं. एकूण ४७,१००. पाच महिन्यांत. आणि २०२८ला पंधरा वर्षं भरली की पुन्हा पासिंग आहेच.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "सेकंडहँड घेतली की असंच होणार. नवीच घ्यायची ना, आता जीएसटी कमी झालाय." झालाय, माहीत आहे मला. २०२५च्या सप्टेंबरात लहान गाड्यांवरचा २८ टक्क्यांवरून १८वर आला. पण तरी सगळ्यात लहान गाडीचासुद्धा सात वर्षांचा हप्ता माझ्या पगारात बसत नाही. जुनी गाडी घेणं म्हणजे काही गुन्हा नाही हो! आपण सगळे जुन्याच वस्तूंवर वाढलोय. बाबांची स्कूटर तिसऱ्या हाताची होती, तिच्यावर आम्ही चौघं फिरलो. विकणाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं, की किक दोनदा मारावी लागते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. बाबांनी ते धरूनच पैसे दिले.

जुनं झालेलं बिघडतं, त्याचा मला राग नाही. क्लच प्लेट झिजणारच. ते ९,५०० मी कुरकुर न करता दिले. राग ह्याचा आहे, की कुणीतरी पाना हातात घेऊन तो व्हॉल्व काढला, पुन्हा घर बसवलं, बोल्ट आवळले, हात पुसले. ते करताना त्याला माहीत होतं, की ही गाडी कुठल्या तरी घाटात कुणाला तरी घेऊन उभी राहणार.

हो, मी मेकॅनिकला बरोबर नेलं नव्हतं. चुकलं माझं. सगळे एजंट असे नसतात, हेही खरं.

एजंटला फोन केला. "मॅडम, गाडी आहे तशी घेतली होती ना तुम्ही." मी विचारलं, तुमच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का? १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं, हे मला कालपरवा कळलंय. तो म्हणाला, आपलं सगळं ओळखीवर चालतं. आणि फोन ठेवला. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घेताना मात्र घरी चहाला आला होता. आईनेच केला होता चहा.

घाटात एक ट्रकवाले दादा थांबले. मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेले तर ओरडले, "हात लावू नका, तोंडावर येईल!" पाऊण तास स्वतःचा खोळंबा करून थांबले, इंजिन निवल्यावर स्वतःच्या कॅनमधलं पाणी ओतलं आणि पैसे घेतले नाहीत. मी नावही विचारलं नाही त्यांचं, इतकी घाबरले होते. क्रेन येईपर्यंत आई एकच वाक्य बोलली. "माझ्या गुडघ्यापायी तुझे पैसे गेले गं."

हे वाक्य मला त्या व्हॉल्व काढणाऱ्याच्या कानात ओरडून सांगायचंय.

काकांनी नवा थर्मोस्टॅट आणलाय. ६५० रुपयांचा. शनिवारी गाडी मिळेल.

आत्ता आईचा फोन येऊन गेला. पुढच्या महिन्याच्या तपासणीला एसटीनंच येते म्हणाली. ७५च्या पुढे फुकट आहे, कंडक्टर हात देतात चढायला, तू फक्त स्वारगेटला उभी राहा. मी म्हटलं, आई, गाडी दुरुस्त होतेय. ती म्हणाली, "होऊ दे गं. तू वापर."