तुमच्या आईची वही माझ्याकडे आहे

ताई,

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली आणि समोरचे पोहे गार झाले. दोन ओळींत ‘धन्यवाद, दुरुस्ती करतो’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही मला ‘काका’ म्हणून भांडलात, म्हणजे घरचंच भांडण झालं. ते दोन ओळींत मिटवायचं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. इंदूरच्या आमच्या हौशी मंडळाने केलेल्या जुन्या नाटकांवर मी पाच लेख लिहिले. पाचव्याखाली ताईंनी तीन गोष्टी सुनावल्या. एक, लेखांत दिग्दर्शक, नायक, नायिका आणि बक्षिसं एवढंच आहे. त्यांची आई सात नाटकांना प्रॉम्प्टर होती, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं हळूच सांगणारी, तिचा उल्लेखही नाही. दोन, आम्ही मुंबई-पुण्याच्या नाटकांच्या नकला केल्या, त्यात इंदूरचं काय? तीन, गांधी हॉलमधल्या ज्या प्रयोगाला मी ‘तुफान प्रतिसाद’ लिहिलं, त्या रात्री निम्मे लोक दुसऱ्या अंकात उठून गेले होते. ताई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या आणि पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी रंगेहाथ सापडलोय.

‘तुफान प्रतिसाद’ हे शब्द मी माझ्या फायलीतल्या कात्रणावरून घेतले. कात्रण एका स्थानिक साप्ताहिकातलं आहे. त्यांना बातमी आम्हीच द्यायचो, आणि बातमी लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण बँकेत टाइपरायटर होता. अंक शुक्रवारी छापायला जायचा आणि प्रयोग शुक्रवारीच रात्री. तेव्हा ती बातमी मी त्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत लिहिली. पडदा वर जायच्या सात तास आधी. आता इतक्या वर्षांनी मीच ते कात्रण काढलं आणि पुरावा म्हणून वापरलं. स्वतःच्या थापेवर स्वतःच विश्वास ठेवला म्हणा ना.

स्मरणिकांचंही तेच. माझे पाचही लेख स्मरणिकांवरून लिहिलेत, आणि स्मरणिका छापली जाते ती प्रयोगाच्या आठवडाभर आधी. तिच्यात जे व्हायचं ठरलं होतं ते असतं. दुसऱ्या एका नाटकात ऐन वेळी नोकराचं काम करणारा मुलगा गोवराने पडला आणि प्रकाशयोजनावाला धोतर नेसून ट्रे घेऊन आत गेला, हे तिच्यात कुठून येणार?

लोक उठून गेले, हे खरं. पण ‘नाटक कंटाळवाणं होतं म्हणून’ हे तुमचं कारण मी अर्धंच मान्य करतो. प्रयोग सव्वा तास उशिरा सुरू झाला, कारण फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या कापडी भिंती, ओल्या होत्या. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायचा, सरस आणि खडूच्या भुकटीचा हात मारायचा, तो वाळला की डिस्टेंपर लावायचं, अशी आमची पद्धत. त्या आठवड्यात पाऊस हटत नव्हता. रंग हाताला लागत होता, म्हणून स्टोव्ह पेटवून फ्लॅट शेकत बसलो होतो. दुसरा अंक सुरू झाला तेव्हा अकरा वाजत आले होते. ज्यांना परदेशीपुऱ्याकडे जायचं त्यांना शेवटचा टेम्पो गाठायचा होता. त्यांना दोष कसा देऊ?

उरलेलं अर्धं कारण मात्र तुमच्या आईशी जोडलेलं आहे. म्हणजे पहिला मुद्दा आलाच.

त्या काळी आम्ही सगळ्यांना पूर्ण संहिता देत नव्हतो. झेरॉक्सला परवडत नव्हतं. प्रत्येकाला फक्त त्याची नक्कल मिळायची: त्याची स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे तीन-चार शब्द, तो त्याचा क्यू. या नकला उतरवून काढायच्या तुमच्या आई. शाळेतल्या बाई, अक्षर मोत्यासारखं. वाक्यं निळ्या शाईत, क्यू तांबड्या. (तेव्हा ताई, ‘नकला केल्या’ हा आरोप आमच्याकडे फार जुना आहे आणि त्यातल्या निम्म्या तुमच्याच घरी झाल्यात.) याचा परिणाम असा की तालमी सुरू झाल्यावर महिनाभर नटांना आपण काय बोलतो ते माहीत असायचं, नाटकात काय चाललंय ते नाही. अख्खं नाटक डोक्यात असायचं दोघांच्या: दिग्दर्शकाच्या आणि प्रॉम्प्टरच्या. आणि प्रयोगाच्या रात्री दिग्दर्शक प्रेक्षकांत मागे घाम पुसत उभा. म्हणजे रंगमंचाच्या दहा हातांत नाटक ठाऊक असलेलं माणूस एकच.

त्या रात्री आमचा नायक, मिलमधून दुसरी पाळी बदलून घेऊन आलेला, दुसऱ्या अंकात चार पानं ओलांडून पुढे गेला. दोन ठिकाणी त्याचा क्यू सारखाच होता, ‘मग मी काय करू?’ असा. त्याने पुढचं वाक्य दिलं आणि गाडी सुटली. त्या चार पानांत एक पत्र यायचं होतं. ते पत्र नाही आलं, तर तिसऱ्या अंकात नायिका का रडते ते कुणालाच कळणार नाही. डाव्या विंगेत पत्र घेऊन उभा असलेला नोकर मी होतो. आत जावं की न जावं?

तुमच्या आई माझ्या समोरच्या विंगेत, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर. हातात टॉर्च, तिच्या काचेला निळा जिलेटिन कागद रबरबँडने बांधलेला, मांडीवर वही. कच्च्या प्रॉम्प्टरने नायकाला मागचं वाक्य दिलं असतं. तो गोंधळला असता आणि ते लोकांना दिसलं असतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नायिकेला दिलं, आणि पुस्तकातलं वाक्य नाही, तर तिथल्या तिथे बनवलेलं: ‘थांबा, सकाळपासून पोस्टमन आला का?’ नायिका हुशार, तिने ते उचललं. बाईंनी मला हाताने खूण केली आणि मी पत्र घेऊन आत. चार पानांतलं दीड पान परत आलं, अडीच गेलं ते गेलंच. समोर बसलेल्यांना एवढंच जाणवलं की मध्येच काहीतरी ढिलं पडलंय. तेव्हा काही जण उठले. तिसरा अंक मात्र उभा राहिला, नायिका रडली तेव्हा लोकांना कळलं ती का रडते.

अशा माणसाचं नाव मी का लिहिलं नाही? कारण स्मरणिकेत ते नाही. आणि स्मरणिकेत का नाही? तिथे मी ‘जागा नव्हती’ म्हणणार होतो. पण स्मरणिका काढून पाहिली. शेवटच्या पानावर सायकलच्या दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात आहे आणि ‘विशेष आभार’मध्ये अकरा नावं आहेत. त्यातली निम्मी अशी की त्यांनी वर्गणी दिली, प्रयोगाला आले नाहीत. जागा होती. प्रॉम्प्टर हे श्रेय द्यायचं काम आहे असं आम्हाला वाटलंच नाही. आपल्यात प्रॉम्प्टिंग ऐकू आलं तर नाव निघतं, तेही नाक मुरडून.

तसा आणखी एक जण राहिलाय, सांगूनच टाकतो. आमचा डिमर, म्हणजे दिवे कमी-जास्त करायचं साधन, मिठाच्या पाण्याचा होता. सिमेंटच्या जाड पाइपात पाणी, पाण्यात मीठ, तळाला एक पत्रा, वरून दोरीला टांगलेला दुसरा. वरचा पत्रा खाली सोडला की दिवे वाढायचे, वर ओढला की मंद. पण वीज जाऊन जाऊन पाणी तापायचं, तापलं की प्रवाह जास्त सोडायचं, आणि पहिल्या अंकात ज्या खुणेवर संध्याकाळ व्हायची त्याच खुणेवर दुसऱ्या अंकात दुपार. वीज मंडळातला आमचा एक मित्र रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर बसायचा आणि वाफेकडे बघत अंदाजाने दोरी ओढायचा. तीन तास. तोही कुठल्या यादीत नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे मी भांडणार आहे.

मुंबई-पुण्याचीच नाटकं का? अहो, ती इथे दुसरं कोण दाखवणार होतं? व्यावसायिक कंपनी सेट घेऊन इंदूरला यायची ती क्वचित, आणि तिकीट सगळ्यांना झेपायचं नाही. आमचे लोक मासिकांत नाटकांबद्दल वाचायचे, मुंबईची बहीण पत्रात लिहायची. ते नाटक रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या माणसाने पाहिलं असेल तर बहुधा कुठल्या तरी हौशी मंडळाचं. परवानगीची पत्रं, लेखकाचं मानधन, स्पर्धेत उतरायचं तर संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, हे सगळं करून. महाराष्ट्र शासनाची राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासूनची. तिचं केंद्र इंदूरला, म्हणून आमच्यासारखी मंडळं वर्षाला निदान एक नाटक तरी नेटाने उभं करायची. नाटक निवडताना पहिला प्रश्न ‘आशय काय’ हा नसायचा. ‘बायका किती?’ हा असायचा. दोनपेक्षा जास्त स्त्री-पात्रं असली की संहिता परत कपाटात, कारण तालीम रात्री नऊला आणि मुलींना घरी सोडणार कोण.

पण तुमच्या मुद्द्यात एक काटा आहे. तो मला टोचला, म्हणून ही गोष्ट. पुलंचं ‘तुझे आहे तुजपाशी’ 1957 सालचं. ते घडतं कुठे? आपल्या इंदुरात. त्यातले काकाजी देवासकर बोलतात ती मराठी आपल्याच मोहल्ल्यातली, हिंदीचा हात धरून चालणारी. आम्ही ते नाटक घेतलं तेव्हा काकाजी करणारे गृहस्थ जुन्या इंदूरचे. घरात ‘काय करून राहिला रे’ असंच बोलणारे. पण तालमीत त्यांनी काय करावं? मुंबईच्या प्रयोगाची टेप मिळवली आणि मुंबईचा नट इंदुरी बोली कशी बोलतो ते ऐकून ऐकून घोटलं. मध्यंतरात चहा प्यायला बाहेर आले की अस्सल बोलायचे, आत गेले की मुंबईची इंदुरी. तेव्हा एकालाही हसू आलं नाही. उलट ‘अगदी तसंच जमलं हो’ म्हणून शाबासकी दिली. मीही दिली.

तुमच्या आईंनी तेव्हा वहीत समासात लिहिलेलं मी परवा वाचलं: ‘काकाजी घरच्यासारखे बोलतील तर बरे.’ दिग्दर्शकाला त्या हे बोलल्या की नाही, आठवत नाही. बोलल्या असतील तरी आम्ही ऐकलं नसणार.

हो, वही माझ्याकडे आहे. एक नाही, सातपैकी चार. मिल बंद पडल्या, मंडळी पांगली, मंडळाची ट्रंक कुणाच्या तरी माळ्यावरून माझ्या माळ्यावर आली, तिच्यात निघाल्या. मालिका लिहिताना मी स्मरणिका वर काढल्या आणि वह्या तशाच खाली ठेवल्या. तुमच्या प्रतिक्रियेनंतर उघडल्या. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा आहेत. वाक्यानंतर उभी रेघ म्हणजे नट मुद्दाम थांबतो, त्याला काही देऊ नये. आडवी रेघ म्हणजे इथे विसरतो, ओठ हलण्याआधी द्यावं. आमच्या नायकाच्या वाट्याला आडव्या रेघा इतक्या की पान शिवल्यासारखं दिसतं. माझ्या नोकराच्या तीन वाक्यांपुढेही एक आहे. एका पानाच्या कोपऱ्यात ‘चहा 14, बिनसाखर 2’. आणखी एका ठिकाणी, गांधी हॉलच्या त्या रात्रीच्या पानावर, फक्त तारीख आणि ‘पोस्टमन’.

तिसऱ्या लेखातलं ‘तुफान प्रतिसाद’ आज काढतोय. सातही नाटकांच्या खाली प्रॉम्प्टर म्हणून आईंचं नाव घालायचं आहे. त्या नाव कसं लिहायच्या, माहेरचं आडनाव लावायच्या का, तेवढं कळवा. वह्या तुमच्या आहेत. शनिवारी संध्याकाळी मी घरीच असतो. फक्त दोन दिवस मला राहू द्या, दुकानात नेऊन झेरॉक्स काढून घेतो. पेन्सिल फार फिकी झालीय, तिला डार्कवर टाकावं लागेल.