चिमणराव बडोद्यात दिसायचे का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

चिं. वि. जोशी यांच्या विनोदी गोष्टींवरच्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ या दूरदर्शन मालिकेत गुंड्याभाऊ झालेल्या बाळ कर्व्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक पुणेकर’ या नावाने लिहिलंत, त्याला तीन दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण तुमचा पहिलाच मुद्दा बरोबर आहे, आणि तो कबूल करायला मला तीन दिवस लागले.

मी लिहिलं होतं, ‘चिमणराव-गुंड्याभाऊ लागलं की आमचा दांडिया बाजार ओस पडायचा.’ तुम्ही विचारलंत, ‘सत्तरच्या दशकात बडोद्यात मुंबई दूरदर्शन दिसत होतं का हो?’

नव्हतं दिसत. खेडा जिल्ह्यातल्या पीजचं दूरदर्शन केंद्र १९७५ मध्ये सुरू झालं होतं, पण तिथला कारभार गुजरातीत. मुंबईसाठी कुणी गच्चीवर कितीही उंच अँटेना चढवला तरी पडद्यावर मुंग्याच. तेव्हा दांडिया बाजार ओस पडत असेल तर तो दुपारच्या उन्हामुळे. ते वाक्य लिहिताना हात वाहवत गेला. आज काढून टाकलं आहे.

पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात, की ‘जे पाहिलंच नाही त्यावरचं प्रेम म्हणजे नुसतं स्मरणरंजन’, तो मला मान्य नाही. खरं काय झालं ते सांगते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गुजरात मेलने मुंबईला, गिरगावात मामाकडे जायचो. मामाकडे टीव्ही नव्हता. चाळीत पहिल्या मजल्यावर एका काकूंकडे होता, लाकडी दारांच्या पेटीतला, कृष्णधवल. चपला गॅलरीत काढायच्या, जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि जाहिरातीतसुद्धा बोलायचं नाही, हे काकूंचे नियम. तिथे मी दोन भाग पाहिले. दुसऱ्या भागाच्या मध्यावरच प्रक्षेपण थांबल्याची ‘व्यत्यय’ची पाटी आली आणि ती हललीच नाही, म्हणजे हिशेबाने दीडच. तुमच्या पुण्यात सिंहगडावरून १९७३ पासून मुंबईचं प्रक्षेपण येत होतं. तुमच्या घरी सगळे भाग पाहिले गेले असतील. माझी पुंजी दीड.

ही दीड भागांची पुंजी घेऊन मी बडोद्याला परतले आणि वाड्यातल्या पोरांना ओसरीवर बसवून सादर केली. चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांचा तो घाबरा, घशात अडकलेला आवाज काढायचा प्रयत्न केला. गुंड्याभाऊसाठी घरमालकांच्या थोरल्या मुलाला पोटावर उशी बांधली आणि हातात कपडे धुवायचं धोपाटणं दिलं. झोपाळ्यावर आजोबा बसले होते. मी गोष्टीच्या मध्यावर आले नाही तोच त्यांनी शेवट सांगून टाकला. टीव्ही न पाहता! मी हिरमुसले. ते उठले आणि कपाटातून कापडी बांधणीचं ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ घेऊन आले. १९३३ सालचं पुस्तक. ‘हे आमच्या प्रोफेसरांचं’, म्हणाले.

आजोबा बडोदा कॉलेजात शिकत तेव्हा चिं. वि. जोशी तिथे पाली शिकवायचे. पुढे संस्थानच्या दप्तराचं कामही त्यांच्याकडे होतं. ‘पुण्यात जन्मलेल्या चिं. विं.ना तुम्ही बडोद्याच्या खात्यात का जमा करता?’ हा तुमचा टोमणा मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून जरा सविस्तर. चिमणराव पुण्याचे आहेत, वादच नाही. पण त्यांना कागदावर उतरवणारा माणूस त्या घुमटाच्या कॉलेजात जातककथा शिकवून घरी यायचा. माझं मत असं, की पुण्याकडे इतक्या मायेने आणि इतक्या खट्याळपणे पाहायला थोडं लांबच राहावं लागतं. आम्ही बडोदेकर मराठी माणसं तेच करतो. पुण्याला नावं ठेवतो, आणि मुलीसाठी स्थळ तिथलंच बघतो.

तर त्या सुट्टीनंतर रोज संध्याकाळी आजोबा वाचायचे आणि आम्ही ऐकायचो. गंमत अशी झाली की वाचत आजोबा होते, पण मला ऐकू प्रभावळकर येत होते. गुंड्याभाऊ दारातून आला की बाळ कर्वेच यायचे आणि आमची ओसरी एकदम लहान वाटायची. चिमणरावांची बायको काऊ म्हटलं की स्मिता पावसकर. (चिमण, काऊ, मोरू, मैना, राघू. सगळं घर पाखरांचं आहे हे आधी माझ्या धाकट्या भावाच्या लक्षात आलं, माझ्या नाही.) दीड भागांत पाहिलेले चेहरे आम्हाला सबंध कपाटाला पुरले. आता यात मी मालिका पाहिली की नाही पाहिली, ते तुम्ही ठरवा.

‘तेव्हा एकच वाहिनी होती, लोक काहीही बघायचे’, असंही तुम्ही म्हणता. खरं आहे, बघायचे. पण त्याच वाहिनीवर बघितलेलं बाकीचं बहुतेक लोक विसरले. ‘गजरा’ आठवतो, ‘आमची माती आमची माणसं’ आठवतं, आणि हे दोघे आठवतात. काहीही बघणाऱ्या लोकांनीही निवड केलीच ना?

आता ‘बायकांची टिंगल करणारा विनोद’. इथे मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. मुलगी दाखवणं, हुंडा, सासू-सून या प्रसंगांतलं काही आज वाचताना मलाही खटकतं, आणि माझ्या मुलीने तर एक प्रकरण मधेच मिटून ठेवलं. पण चिमणरावांच्या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतात आणि प्रत्येक वेळी फजिती त्यांचीच होते. घरातला कर्ता पुरुष इतका पोकळ असू शकतो हे भर दिवाणखान्यात मांडणं, तेही १९३०च्या दशकात, ही काही बायकांची टिंगल नव्हे. पडद्यावर प्रभावळकरांनी नेमकं तेच धरलं होतं. ऐट आणायला जायचं आणि पुढच्याच क्षणी गुंड्याभाऊच्या पाठीमागे लपायचं.

ती पाठ बाळ कर्व्यांची होती, म्हणून तर मी लेख लिहिला. प्रभावळकरांना पुढे किती चेहरे मिळाले! तात्या विंचू, आबा टिपरे, हिंदीत थेट गांधीजी. लोकांनी ते सगळे आपले म्हटले. कर्व्यांनी महापालिकेतली नोकरी सांभाळून रंगभूमीवर वर्षानुवर्षं कामं केली, पण लोकांनी त्यांना गुंड्याभाऊपलीकडे जाऊच दिलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले, तेव्हाही बातम्यांत नावाला चिकटून गुंड्याभाऊ होताच. नटावर हा अन्याय आहे, असं तुम्ही लिहिलंत. असेल. मला मात्र त्यांच्या कामातलं एकच सांगायचं होतं: त्या अंगापिंडाच्या माणसाने चिमणला कधी तुच्छ लेखलं नाही. ओरडला, दटावलं, दंडाला धरून खेचलं, पण त्याच्या नजरेत ‘हा आपला आहे’ हे कायम. विनोदी जोडीत जाड्याने बारक्याला बदडायचं असतं. हा बारक्याच्या बाजूने उभा राहायचा. दीड भागातसुद्धा हे मला, दहा वर्षांच्या पोरीला, कळलं होतं.

तुमच्या प्रतिक्रियेचा सूर जरा कडक होता, असं दुसऱ्या एका वाचकाने खाली लिहिलंय. मला तसं वाटलं नाही. चिमणरावांनी स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग केले तेव्हा त्यांची काय गत झाली ते आठवलं, इतकंच.

शेवटी एक काम सांगते. तुमचे वडील ही मालिका नेमाने पाहायचे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यांना विचाराल का, ‘व्यत्यय’नंतर काय झालं? मला आठवतं ते एवढंच: चिमणराव दाराआड उभे आहेत, काऊ आतून हाक मारते आहे, आणि बाहेर जिन्यावर गुंड्याभाऊचे पाय वाजताहेत. पुस्तकात शोधलं, पण असा प्रसंग हुबेहूब कुठे सापडला नाही.