मिस्टर बीन 'डॉक्टर हू'चा नववा डॉक्टर? थोडा खुलासा

परवा मीच एक क्लिप ग्रुपवर टाकली होती: 'मिस्टर बीनवाला रोवन अ‍ॅटकिन्सन हा डॉक्टर हू मालिकेचा नववा डॉक्टर, आणि पहिली महिला डॉक्टर जोआना लुम्ली.' (डॉक्टर हू ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका; तिचा नायक 'डॉक्टर' अधूनमधून रूप बदलतो आणि मग नवा कलाकार ती भूमिका करतो, म्हणून नववा वगैरे क्रम.) ती क्लिप आता बरीच फिरतेय. चूक माझी; न तपासता पुढे ढकलली.

क्लिप खरी आहे, पण मालिकेतली नाही. ती आहे 'द कर्स ऑफ फेटल डेथ', मार्च 1999 मध्ये बीबीसीवर कॉमिक रिलीफ या धर्मादाय संस्थेच्या मदतनिधीसाठी दाखवलेलं विडंबन. मूळ मालिका तेव्हा बंदच होती. लिहिणारा स्टीव्हन मोफॅट. पुढे 2010 पासून खऱ्या मालिकेची सूत्रंही त्याच्याच हाती आली. मी ते काल पूर्ण पाहिलं. खलनायक मास्टर गटारात पडतो, 312 वर्षं सरपटत बाहेर येतो, म्हातारा होऊन, आणि पुन्हा पडतो! हसून पोट दुखलं.

गोंधळ होणं साहजिक आहे. त्या गोष्टीत अ‍ॅटकिन्सन स्वतःला नववाच म्हणवतो आणि शेवटी त्याचं रूपांतर लुम्लीत होतं. पण बीबीसीच्या अधिकृत क्रमात हे धरत नाहीत. तिथे नववा डॉक्टर क्रिस्टोफर एकल्स्टन (2005), आणि मुख्य भूमिकेतली पहिली स्त्री जोडी व्हिटेकर, जिची निवड 2017 मध्ये जाहीर झाली.

तेव्हा माझा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर सोबत हा खुलासाही द्या. क्लिप मात्र जरूर बघा.