सोळा तासांची अमेरिका

आज सकाळी एका साखरपुड्यात आमच्या काकांनी मोबाइलवर मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर शोधले आणि अर्ध्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवले : साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. "वहिनी, पुन्हा जा की लेकीकडे! आता अमेरिका म्हणजे पुण्याला जाऊन येण्यासारखीच झाली." आई नुसती हसली. मला मात्र तेव्हापासून जो राग आला आहे, तो इथे उतरवल्याशिवाय झोप लागणार नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये हीच आई ताईच्या बाळंतपणासाठी एकटी गेली. दुपारी तीनला साताऱ्याचे घर सोडले, रात्री दहाला विमानतळ गाठला आणि विमान उडाले पहाटे दोनला. तिकिटावर पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी साडेआठची होती, त्यामुळे शेजारच्या काकू "साडेसहा तासांचाच तर प्रवास" असे म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. तिकडची घड्याळे उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतात, हे तिकिटावर कोण छापणार? उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत दोन तास, मेतकुटाचा डबा उघडून दाखवणे त्यातच, आणि पुढे ताईच्या गावापर्यंत, न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत, मोटारीने दीड तास. आईने मनगटावरचे घड्याळ बदलले नव्हते. ताईच्या दारात तिने पाऊल ठेवले, तेव्हा त्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. म्हणजे साडेतीस तास, आणि पाय इतके सुजलेले की चपला ताईला काढाव्या लागल्या.

शिवाय ते साडेबारा हजार म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेले अंतर. तो दोरा अफगाणिस्तान, रशिया, स्कँडिनेव्हिया असा उत्तरेला चढतो आणि कॅनडावरून खाली उतरतो. विमानाला मात्र ज्याचे आकाश उघडे असेल त्याच्याच वरून जावे लागते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दोरा होता तिथेच राहिला आणि वळसा प्रवाशांच्या वाट्याला आला. जाताना पश्चिमेकडून येणारे उंचावरचे जोरकस वारे विमानाला समोरून झेलावे लागतात. तेच वारे पाठीशी होते म्हणून आई परतताना तासभर कमी उडाली.

मान्य आहे, १९४८ साली एअर इंडियाचे पहिले विमान लंडनला गेले तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत, आणि आज पृथ्वीच्या परिघाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका दमात कापता येतो. पण दमणारे माणूस साताऱ्याहून निघालेले असते, मुंबईहून नव्हे.

हे लिहिता लिहिता आठवले की काकांचा मुलगा टोरांटोला असतो आणि चार वर्षांत तो आलेला नाही. असे आकडे काका बहुधा स्वतःसाठीच शोधत असावेत. त्यांच्यावर इतके चिडायला नको होते, तरी पुण्याची उपमा मला अजून पचलेली नाही.

काकांनी मोबाइल खिशात ठेवला, तेव्हा आईने मनगटाकडे पाहिले होते. "अकरा वाजले," ती मला हळूच म्हणाली, "तिकडे रात्रीचा दीड. नात गाढ झोपली असेल."