११६ घोड्यांचं नाक

तुमच्या दारात १९९० सालची माझ्दा मियाटा उभी आहे. दोनच सीट, कापडी छप्पर, बटण दाबलं की टुणकन वर येणारे हेडलाइट, वजन जेमतेम एक टन. पस्तिशी गाठली तरी अजून पहिल्या हाकेला ओ देते. ही परिस्थिती फार काळ टिकू देणं बरं नव्हे. चालत्या गाडीला खीळ घालायचे मार्ग पुष्कळ आहेत. त्यातला सगळ्यात सोज्वळ म्हणजे तिचा एअर इन्टेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा फिल्टर आणि नळी, बदलणं.

युक्तिवाद बिनतोड आहे. इंजिन म्हणजे शेवटी भाता. जेवढी हवा आत, तेवढा जोर बाहेर. १५९७ सीसीचं हे इंजिन ६५०० आरपीएमला, सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं तर, मिनिटाला सुमारे ५२०० लिटर हवा ओढतं. त्यातून अमेरिकेतल्या गाडीला कागदोपत्री ११६ हॉर्सपॉवर मिळतात. आणि ही सगळी हवा बिचारीने ओढायची कशातून? तर काळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यातल्या कागदी फिल्टरमधून. कागद! नाकाला कागद लावून तुम्ही सिंहगड चढाल का? हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर यायच्या आत क्रेडिट कार्ड काढा. तो खोका हिरोशिमाच्या इंजिनिअरांनी विचार करून बनवला आहे, घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत म्हणून या गाडीच्या बारीकसारीक गोष्टींवर ते झुरले, वगैरे कोणी सांगू लागलं तर ऐकून घ्या. त्यांच्याकडे शनिवार दुपार आणि फोनवरचे व्हिडिओ नव्हते.

निवड करताना आधी रंग बघावा. लाल फिल्टर निळ्यापेक्षा वेगवान असतो, हे सिद्ध करायची गरज नाही. मग पाइप. कारखान्याने दिलेली आडवी नळी प्लॅस्टिकची आहे. ती तापत नाही, म्हणजे तिला भावना नाहीत. तुम्ही चकचकीत ॲल्युमिनियमची घ्या. ती इंजिनाची सगळी ऊब मनाला लावून घेते आणि बॉनेट उघडल्यावर त्यात तुमचा चेहरा दिसतो, थोडा रुंद. शेवटी जाहिरात नीट वाचावी. ‘१५ हॉर्सपॉवरपर्यंत वाढ’ असं लिहिलेलं असेल. ‘पर्यंत’ हा मोठा उदार शब्द आहे. त्याच्या पोटात शून्यसुद्धा मावतं.

फिल्टर सुती जाळीचा असेल तर त्याला तेल पाजावं लागतं. बाटलीवर ‘थोडंसं’ लिहिलेलं असलं तरी आपण पुरणपोळीवर तूप सोडतो त्या हाताने सोडावं.

आता जागेचा प्रश्न. या गाडीत फिल्टरचा खोका एका बाजूला, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारं हवेचं तोंड) दुसऱ्या बाजूला, म्हणून ती नळी इंजिनापुढून आडवी जाते. खोका ज्या बाजूला, त्याच बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणारा. खोक्याला भिंती आहेत आणि त्याचं तोंड पुढे, त्यातल्या त्यात गार हवेकडे आहे. तुम्ही खोका काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवलात की इंजिन स्वतःच्याच चुलीवरची हवा पिऊ लागतं. मला हे खरं वाटेना, म्हणून घरातला पाकाचा थर्मामीटर फिल्टरला बांधला आणि कॅलिफोर्नियातल्या आमच्या सनीव्हेलच्या एल कमिनो रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत दहा मिनिटं काढली. बाहेर २९ अंश, फिल्टरपाशी ६३. हवा तापली की विरळ होते, शाळेतलंच गणित आहे, केल्व्हिनमध्ये भागाकार केला की दहा टक्के हवा गायब. म्हणजे ११६ घोड्यांतले दहा-बारा मी तबेल्यातच ठेवून निघालो होतो, तेही तीनशे डॉलर भरून. गाडी वेगात असली की हा फरक कमी होतो, हे मान्य. पण सनीव्हेलमध्ये संध्याकाळी सहाला वेगात कोण असतं? थर्मामीटरला स्वयंपाकघरात पुन्हा प्रवेश मिळाला नाही. त्या दिवाळीला गुलाबजामचा पाक अंदाजाने झाला.

आणखी एक गंमत, जी किटच्या खोक्यावर छापत नाहीत. १.६ च्या मियाटात फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजायचं यंत्र असतं, आणि त्यात स्प्रिंगवर टेकलेली एक झडप. येणारी हवा तिला ढकलते, ती किती उघडली यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. हवेच्या वाटेत खरी आडवी उभी असते ती ही बाई. अंगणाचं फाटक रुंद केलं तरी घरात शिरायचं दार तेवढंच. तरी तिच्याशी ओळख करून घ्याच. फिल्टर काढा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि झडप बोटाने हळूच आत ढकला. मागे, सीटच्या पाठीशी, टाकीतला पंप गुणगुणू लागतो. बोट काढलं की गप्प. झडप मिटली म्हणजे इंजिन बंद, मग पेट्रोल कशाला, असा तिचा साधा हिशोब. हा खेळ मी त्या शनिवारी निदान वीस वेळा खेळलो असेन.

बसवण्याचं काम ‘तासाभराचं’ असतं. दहाची गोटी (पान्याचा दहा मिलिमीटरचा सॉकेट) पहिल्या पंधरा मिनिटांत इंजिनाखालच्या सबफ्रेमवर पडून तिथेच संसार थाटते. मग गंजलेल्या बोल्टवर जोर करावा, आटे गेल्याचा तो मऊ, लोण्यासारखा स्पर्श हाताला कळेपर्यंत. इंजिनाच्या डोक्यावरून येणारी, आत कोंडलेली वाफ सोडणारी ब्रीदरची बारीक नळी नव्या पाइपला कुठे जोडायची हे माहितीपत्रकात दुसऱ्याच गाडीच्या चित्रात दाखवलेलं असतं. आणि सगळ्यात शेवटी, अंधार पडल्यावर, थ्रॉटलपाशी नळी धरून ठेवणारा एक क्लॅम्प आवळायचा राहून जातो.

तो क्लॅम्प राहू द्या. नाहीतर पुढचा अनुभव हुकेल. एल कमिनोवरच, डावीकडे वळायच्या लेनमध्ये, हिरवा दिवा, मी ऐटीत ॲक्सिलरेटर दिला. नळी निसटली, झडप मिटली, पंप थांबला, गाडी मेली. हे सगळं एका सेकंदात, आणि त्यातली सुसंगती बघून मला क्षणभर कौतुकच वाटलं. मागे शांतपणे उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी नेमकी आमच्या गणेशोत्सवात ढोल वाजवणाऱ्या एका पोराची निघाली. “काका, ढकलू का?” ढकलता ढकलता तो म्हणाला, “आमच्या गाडीला हवा लागतच नाही.” यंदाच्या वर्गणीच्या वेळी मी हे लक्षात ठेवलं.

पण आवाज! तो मात्र नाकारू नका. चार हजारांच्या वर जो घोगरा, ओढून घेतल्यासारखा घुमारा उठतो, त्यासाठी माणूस काय वाटेल ते मानायला तयार होतो. आवाज वाढला म्हणून पाय जास्त दाबतो, पाय दाबला म्हणून गाडी पळते, गाडी पळाली म्हणून फिल्टर चांगला. स्कायलाइन बुलेव्हार्डवर रविवारी भेटाल त्या प्रत्येकाला सांगा, “खालचा टॉर्क थोडा गेला, पण वर मोकळी झालीय.” कोणीही डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचा, कागद मागणार नाही. सगळ्यांच्याच बॉनेटखाली तसंच काहीतरी आहे.

राहिला कायदा. कॅलिफोर्नियात असल्या पाइपावर एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो. तो नसेल तर स्मॉग चेकवाला, म्हणजे धुराची सक्तीची तपासणी करणारा, गाडी रोलरवर चढवून धूर बघेल तो बघेल, पण नजरेच्या तपासणीतच नापास करील. क्रमांकवाले किटही मिळतात. ते घेतलंत तर तुमच्यात आणि मिनीव्हॅन चालवणाऱ्यात फरक तो काय? आपण मूळचा काळा खोका जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवावा. दर दोन वर्षांनी, तपासणीच्या आदल्या रात्री, तो खाली काढून परत बसवावा.

मागच्या खेपेला मी तेच केलं. तपासणी झाली, पास झाली. येताना बायकोला ऑफिसातून घेतलं आणि २८० हायवेवरून घरी निघालो. रॅम्पवर गाडी अशी सरळ, न कुरकुरता उठली की तिने फोनमधून मान वर केली.

“आज बरी चालतेय रे. काय केलंस?”

“काही नाही,” मी म्हणालो. “हवा गार आहे.”

रविवारी सकाळी गॅरेजमध्ये दहाची गोटी शोधत होतो. नवी.